बंदुकीचा डोळा

मंडळी, एक साधा प्रश्न. टीव्हीवरची बदकं मारायची ती प्लास्टिकची बंदूक आठवते ना? चाप ओढला की तिच्यातून नेमकं काय बाहेर पडायचं?

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारतोय. कोणी म्हणतं किरण, कोणी म्हणतं लेझर, एक इंजिनियर मित्र छातीठोकपणे म्हणाला, "रिमोटसारखा सिग्नल असतो रे." खरं उत्तर असं की काहीच बाहेर पडत नसे. नळीच्या तोंडाशी एक भिंग, भिंगामागे प्रकाश ओळखणारा चिमुकला तुकडा, बस्स. उजेड बंदुकीतून टीव्हीकडे जायचाच नाही, टीव्हीकडून बंदुकीत यायचा. म्हणजे आपण लहानपणी तासन् तास बंदूक समजून जे धरून बसलो होतो, तो एक डोळा होता!

पण लोकांची समजूत अगदीच निराधार नाही बरं का. अशा बंदुकांची पहिली पिढी खरोखरच उजेड फेकायची. शिकागोची सीबर्ग ही कंपनी, नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्ससाठी प्रसिद्ध. तिने १९३६ साली 'रे-ओ-लाइट' नावाचा खेळ काढला. समोर सरकणारं बदक, बदकात प्रकाश ओळखणारी निर्वात नळी, आणि बंदुकीत दिवा. तिरीप नळीवर पडली की नेम लागला. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीपेक्षा हे किती सोयीचं! छर्रे नकोत, कोणाचा डोळा जायची भीती नको, आणि मालकाला दर दहा मिनिटांनी गाल फुगवून फुगे फुगवायला नकोत.

उजेडाची दिशा उलटली ती मात्र खेळात नाही, युद्धाच्या तयारीत.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'व्हर्लविंड' नावाचा संगणक उभा राहत होता. १९५० च्या आसपास त्याच्या पडद्यावर रडारने टिपलेली विमानं ठिपक्यांच्या रूपात दिसू लागली. आता पडद्यावर दहा ठिपके आहेत आणि माणसाला त्यातला एक दाखवून "हा बघ, याची माहिती दे" असं संगणकाला सांगायचंय. माऊस अजून जन्मायचा होता. तिथल्या अभियंत्यांनी, त्यात रॉबर्ट एव्हरेट हे प्रमुख, एक फार सुंदर युक्ती काढली. पडद्यावरचे ठिपके आपल्याला एकदम दिसतात, पण संगणक ते एकामागून एक काढत असतो, प्रचंड वेगाने. बंदुकीसारखं एक उपकरण हव्या त्या ठिपक्यावर धरायचं. तो ठिपका उजळला त्या क्षणी उपकरणातला प्रकाशग्राही तुकडा संगणकाला टोचणी देतो. संगणकाला ठाऊकच असतं, या क्षणी आपण कुठला ठिपका काढत होतो ते. झालं काम!

यातली गंमत लक्षात घ्या. आपण कुठे रोखलेलो आहोत हे बंदुकीला कळत नाही. ती फक्त "मला आत्ता दिसलं" एवढंच म्हणते. जागा कळते ती 'आत्ता' या एका शब्दावरून. पुढच्या टीव्ही गेमच्या बऱ्याचशा बंदुका या ना त्या प्रकारे याच शब्दावर चालल्या.

व्हर्लविंडमधून पुढे 'सेज' ही अमेरिकेची हवाई संरक्षण यंत्रणा आली. १९५८ पासून ती कामाला लागली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. एकेका संगणकाचं वजन २५० टनांच्या घरात. अंधाऱ्या खोल्यांमध्ये हवाई दलाचे लोक गोल पडद्यांसमोर बसून संशयित ठिपक्यावर ती बंदूक धरायचे. टेबलात सिगारेट लायटर आणि ॲशट्रे मुद्दाम बसवलेले असत, यावरून त्या पाळ्या किती ताणाच्या असतील याची कल्पना यावी. कारण तो ठिपका सोव्हिएत बॉम्बफेकी विमान असेल तर पुढे जे व्हायचं ते खेळातलं नव्हतं. दिसायला बंदूक, पण काम बोट दाखवण्याचं, आणि त्या बोटाच्या इशाऱ्यावर खरी लढाऊ विमानं उडायची.

ही बंदूक दिवाणखान्यात आणण्याचं श्रेय राल्फ बेअर यांचं. हे १९२२ साली जर्मनीत जन्मलेले. ज्यू म्हणून शाळेतून काढलेले, आणि १९३८ साली, ज्यूंची दुकानं-प्रार्थनास्थळं फोडली गेली त्या नोव्हेंबरच्या रात्रीच्या काही महिने आधीच, कुटुंबासह अमेरिकेत निसटलेले. पुढे टेलिव्हिजनचं शिक्षण घेऊन ते न्यू हॅम्पशायरमधल्या सँडर्स नावाच्या संरक्षण सामग्री बनवणाऱ्या कंपनीत लागले. १९६६ साली त्यांच्या डोक्यात आलं की घरोघरी जे कोट्यवधी टीव्ही पडलेत ते नुसते बघायलाच का वापरायचे? बिल हॅरिसन आणि बिल रश या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जे खोकं बनवलं, त्याच्यासाठी पहिल्या वर्षभरातच एक बंदूकही झाली. कशी? एक खेळण्यातली रायफल घेतली आणि तिच्यात प्रकाशग्राही तुकडा आणि वायरी कोंबल्या. घरच्या व्हिडिओ गेमसाठीची पहिली बंदूक ही अशी, आजच्या भाषेत 'घरगुती जुगाड'च होती. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

१९७२ मध्ये मॅग्नावॉक्स कंपनीने ते खोकं 'ओडिसी' नावाने बाजारात आणलं. रायफल वेगळी घ्यावी लागायची. पण या बंदुकीत 'आत्ता'ची हुशारी नव्हती. समोर लख्ख उजेड दिसला की ती 'लागला' म्हणायची. त्यामुळे टीव्हीकडे पाठ करून छताच्या दिव्यावर नेम धरला तरी गुण मिळायचे. पोरांनी हे पहिल्याच दिवशी शोधून काढलं असणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

त्या रायफली बनवायचं काम गेलं होतं जपानच्या निन्टेंडोकडे. तेव्हा ही पत्ते आणि खेळणी बनवणारी कंपनी. तिथे गुनपेई योकोई नावाचे खटपटे गृहस्थ होते आणि मासायुकी उएमुरा होते, जे आधी शार्पतर्फे सौर घट विकायचे. सौर घट म्हणजे उजेड पडला की वीज देणारा तुकडा; मग तो खेळण्यात का नको? १९७० मध्ये त्यांनी प्रकाशाच्या बंदुकीची खेळणी आणली. इथे मात्र जुनाच प्रकार : बंदुकीत दिवा, निशाणात सौर घट. खेळणी खपली. मग निन्टेंडोला मोठी स्वप्नं पडू लागली. जपानमध्ये बोलिंगची लाट ओसरली होती आणि शेकडो लांबलचक दालनं रिकामी पडली होती. १९७३ मध्ये त्यांनी तिथे प्रकाशाच्या बंदुकांनी खोट्या तबकड्या उडवायची केंद्रं उघडली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेलाचं संकट कोसळलं. मागण्या धडाधड रद्द झाल्या, कंपनी कर्जात बुडाली. त्यातून डोकं वर काढायला तिला कित्येक वर्षं लागली.

ही हकीकत मुद्दाम लांबण लावून सांगतोय, कारण पुढे जे यंत्र जगभरच्या घरांत शिरलं, त्या फॅमिकॉमची रचना याच उएमुरांची. १९८४ मध्ये त्याच्यासाठी 'डक हंट' आला. अमेरिकेत १९८५ पासून त्याची बंदूक 'झॅपर' नावाने गाजली. आधी ती करड्या रंगाची होती, पण पोलिसांना आणि वाटेने जाणाऱ्यांना खरी वाटू नये म्हणून तिकडचे नियम बदलले आणि १९८९ च्या सुमारास ती भडक नारिंगी झाली.

झॅपरची युक्ती अशी. चाप ओढला की अख्खा पडदा एका चौकटीपुरता, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागापुरता, काळा होतो. पुढच्या चौकटीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन, बाकी सगळं काळं. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असतील तर दोन चौकोन पाठोपाठ, वेगवेगळ्या चौकटींत. कुठल्या चौकटीत उजेड दिसला त्यावरून कुठलं बदक ते कळतं. परत तेच, 'आत्ता'! शिवाय बंदुकीतलं सर्किट फक्त टीव्हीच्या रेघांच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १५,७०० वेळा लुकलुकणारा उजेडच मानायचं. ओडिसीवाल्यांची छताच्या दिव्याची पळवाट बंद.

आपल्याकडे खरा निन्टेंडो फारच थोड्यांनी पाहिला. १९९० च्या दशकात आपल्याकडे आली ती त्याची नक्कल. आपण तिला नुसतं 'टीव्ही गेम' म्हणायचो आणि गेमच्या डबीला 'कॅसेट'. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात पाच-दहाच गेम पुन्हा पुन्हा असायचे, पण त्यात डक हंट हमखास. बंदूक काचेला टेकवून मारलं की बदक चुकतच नाही, हा शोध महाराष्ट्रातल्या प्रत्येक चाळीत आणि वाड्यात स्वतंत्रपणे लागलेला आहे.

आर्केडमधल्या पुढच्या बंदुकांनी 'आत्ता' आणखी बारीक केला. जुन्या टीव्हीत, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत, एकच इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली रेघा ओढत चित्र काढायचा. एका रेघेला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांपैकी साधारण ६४ भाग. चाप ओढताच पडदा पांढरा करायचा आणि झोत बंदुकीसमोरून गेला तो क्षण मोजायचा. किती रेघा झाल्या आणि चालू रेघेत किती पुढे गेलो, यावरून थेट उभं-आडवं स्थान मिळतं. नाम्कोच्या 'टाइम क्रायसिस'ची प्लेस्टेशनवरची बंदूक याच तत्त्वावर होती. म्हणून तिची एक वायर टीव्हीच्या व्हिडिओ केबललाही जोडावी लागायची. गोळ्या भरायच्या तर कित्येक गेममध्ये पडद्याबाहेर नेम धरून चाप ओढायचा. बंदुकीला काहीच दिसलं नाही, याचा अर्थ 'भरा'. न दिसण्याचाही असा उपयोग!

आणि मग तो झोतच गेला.

एलसीडी टीव्हीत रेघा ओढणारं कोणी नसतं. मागे दिवा सतत पेटलेला, पुढे स्फटिकांची झापडं. त्यातून चित्र आधी टीव्हीच्या स्मृतीत साठतं, ताणलं जातं, सुधारलं जातं, आणि चौकटी दोन चौकटी उशिरा दिसतं. बंदूक "आत्ता दिसलं" म्हणते तेव्हा गेमच्या दृष्टीने तो 'आत्ता' केव्हाच होऊन गेलेला असतो. बंदूक बिघडलेली नाही, गेम बिघडलेला नाही, टीव्हीही ठणठणीत. फक्त तिघांचं घड्याळ एक राहिलं नाही.

या बदलाच्या एका बाजूला आपला मराठवाडाही उभा होता, हे फारसं कोणाच्या लक्षात नसतं. तेव्हाच्या औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जगभरातला धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने त्यात आले. पिक्चर ट्यूब अजून बरीच वर्षं टिकेल असा तो डाव होता. २००७-०८ च्या सुमारास जगाच्या बाजारात एलसीडीने ट्यूबला मागे टाकलं, ते कारखाने एकेक करून हातचे गेले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली (त्याला इतरही बरीच कारणं होती, पण तो विषय निराळा).

गंमत म्हणजे त्याच २००५ मध्ये, इटलीतच, इव्रेआ नावाच्या गावात काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त सर्किट बोर्ड बनवला. त्याचं नाव आर्डुइनो. दुसऱ्या वर्षी निन्टेंडोचा 'वी' आला. त्याच्या रिमोटच्या टोकाला एक छोटा कॅमेरा होता, ज्याला फक्त इन्फ्रारेड दिवे दिसतात, जास्तीत जास्त चार. टीव्हीवर ठेवायच्या ज्या पट्टीला ते 'सेन्सर बार' म्हणत, तिच्यात सेन्सर नावालाही नाही. दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे, एवढंच. तिच्याऐवजी दोन मेणबत्त्या लावूनही काम भागायचं. २००७ पासून जॉनी चुंग ली या अमेरिकी संशोधकाने हा रिमोट वापरून केलेले प्रयोग जाहीर केले आणि जगभरच्या खटपट्यांना कळलं की एवढ्या किमतीत एवढा चांगला डोळा दुसरीकडे मिळणार नाही.

घरी बनवायची आजची बंदूक ही या दोघांची, आर्डुइनो आणि त्या कॅमेऱ्याची, संतती आहे. माझ्या भाच्याला माळ्यावर आमची जुनी टीव्ही गेमची बंदूक सापडली. त्याने ती नव्या टीव्हीवर रोखली आणि विचारलं, "मामा, ही का चालत नाही?" त्याला वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग चालती करूया." आम्ही पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून दिवे, रेझिस्टर आणि वायरी आणल्या, कॅमेरा आणि बोर्ड कुरिअरने मागवले आणि आतलं सगळं काढून त्याच प्लास्टिकच्या खोळीत ते बसवलं.

पट्टीचे दोनच दिवे वापरले तर बंदूक कुठे वळली एवढं कळतं, पण नळीची माशी आणि पडद्यावरची खूण एका रेषेत येत नाही. तुम्ही जरा बाजूला सरकलात की नेम चुकला. म्हणून टीव्हीच्या चार बाजूंना चार दिवे लावतात. बंदुकीला समोरून ते चार ठिपके सरळ चौकटीसारखे दिसतात, कडेने पाहिलं की वाकडे, लांबून लहान. त्या वाकडेपणावरूनच बोर्ड हिशेब करतो की आपण कुठे उभे आहोत आणि नळीची रेषा पडद्याला कुठे भिडते. मग तो संगणकाला सांगतो, "मी माऊस आहे, आणि मी इथे आहे." चित्रावर काय चाललंय याचा तिला पत्ताच नसतो. दुसरा एक पंथ आहे, तो २०१९ मध्ये निधी गोळा करून सुरू झालेल्या सिन्डेन बंदुकीचा. ती साध्या कॅमेऱ्याने पडद्याभोवतीची पांढरी चौकट शोधते. दिवे लावायला नकोत हे खरं, पण ती सतत दिसणारी पांढरी कड मला काही सोसत नाही. माझं मत चार दिव्यांना.

एक अडचण कुठल्या परदेशी माहितीपत्रकात लिहिलेली नव्हती. संध्याकाळी सातच्या सुमारास नेम वेडावाकडा जायचा. कारण निघालं टीव्हीशेजारचं देवघर. समईच्या ज्योतीत इन्फ्रारेड भरपूर. बंदुकीसमोर चाराच्या जागी पाच दिवे होते आणि ती कधी देवाला पडद्याचा कोपरा समजत होती. टीव्ही आता समोरच्या भिंतीवर आहे. समई हलवायचा प्रस्ताव आईपुढे मांडायचं धाडस भाच्यानेही केलं नाही.

आता मला यात खरं काय लागलं ते सांगतो. जुने गेम जपले पाहिजेत असं म्हणताना लोक कॅसेट जपतात, तिच्यातला कोड उतरवून ठेवतात. डक हंटचा कोड एवढासा आहे, तो जगाच्या अंतापर्यंत टिकेल. पण त्या कोडमध्ये गेम अर्धाच आहे. उरलेला अर्धा त्या काचेच्या नळीत होता, तिच्या झोताच्या चालीत. तो कोणी कुठे लिहून ठेवला नव्हता, कारण तो कायम असणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. आता चांगल्या जुन्या ट्यूबचे टीव्ही शौकीन लोक शोधून शोधून घरी नेतात. नव्या कोणी बनवत नाही, आणि नळीचा उजेड वापरागणिक मंदावतच जातो.

घरच्या बंदुकीने तो अर्धा भाग परत येत नाही. तिच्यासाठी संगणकावर जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम चालवावा लागतो. त्या प्रोग्रॅमच्या आत जे घडतं ते मी भाच्याला दाखवलं. चाप ओढला की गेम आजही पडदा काळा करतो. आजही बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो आणि बंदुकीला विचारतो, दिसलं का? खरी बंदूक तेव्हा टीव्हीच्या कडेच्या चार दिव्यांकडे बघत असते, चौकोन तिला दिसूच शकत नाही. मधला प्रोग्रॅमच मग माऊसच्या जागी चित्र पांढरं आहे का ते तपासतो आणि तिच्या वतीने उत्तर देतो : हो, दिसलं.

बदक पडतं. कुत्रा गवतातून ते उचलून दाखवतो. भाच्याचे आता बाविसावा राउंड चालू आहे आणि मला बंदूक मिळत नाहीये.